शकूले लागली!

आमच्या नातेवाइकांचा गोतावळा काटोलपासून कन्हानपर्यंत पसरलेला होता आणि त्यांचं जन्मात कशावर एकमत झालं नाही. कोणाच्या लग्नात वरण पातळ होतं यावर दोन घरं सात वर्षं बोलत नव्हती. पण एका बाबतीत मात्र सगळ्यांचा एकच सूर: नामदेवरावांच्या शकूचं काही खरं नाही, पोरीला दर तासाला लागते. मी कोणाच्या घरात पाऊल टाकलं की घरची बाई पाण्याचा पेला पुढे करण्याआधी मागच्या दाराकडे बोट दाखवायची. वडीलधारे हळहळायचे. एका मावसआजोबांनी तर माझ्या लग्नाची आत्तापासून काळजी करून ठेवली होती.

आता त्या मंडळींपैकी बरीचशी सगळ्याच शारीरिक तक्रारींच्या पलीकडे गेली आहेत आणि उरलेल्यांना स्वतःच रात्रीतून तीनदा उठावं लागतं. तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही. मला कधीच लागत नसे. मी एक धडधाकट, उंटासारखी पोरगी होते. लागायची ती माझ्या आईला आणि काकूला. मी फक्त जाहीर करत असे.

हे नीट समजायचं तर आमचं घर समजलं पाहिजे. काटोलच्या संत्रा बाजाराच्या मागे आमच्या तीन खोल्या होत्या. हंगामात घराला तीन वास यायचे: संत्र्याच्या सालीचा, पेट्यांच्या ओल्या लाकडाचा आणि भाताच्या तणसाचा. बाबा पेट्या भरायचे. पेटीत तणस अंथरून संत्री अशी बसवायची की दिल्लीपर्यंत वॅगनमध्ये हादरे खाऊनही एक फळ हलू नये, हे त्यांचं कसब. त्यांचा भाऊ, म्हणजे माझे काका, त्या मालाबरोबर दिल्लीला जायचे, त्यामुळे सणासुदीलाही ते बहुधा परगावीच असत. दिवसभर ओसरीवर खिळे ठोकल्याचा ठकठक आवाज आणि मधून बाबांचं समाधानी ‘हं!’. फट राहिली नाही की ते ‘हं!’ म्हणत. फिरायला जायचं म्हटलं की बाबा तो दिवसही पेटीसारखाच भरत. सकाळच्या पॅसेंजरने नागपूर, मग महाराजबागेतला वाघ, मग अजब बंगला, म्हणजे तिथलं म्युझियम, मग सीताबर्डीवर खरेदी, मग तेलंगखेडीचा तलाव, मग संध्याकाळची गाडी. मध्ये बोट घालायला जागा नाही. हं!

या भरगच्च पेटीत एका गोष्टीला जागा नव्हती, कारण बाबांच्या मते ती गोष्टच अस्तित्वात नव्हती. पुरुषांना लागली की ते भिंतीकडे तोंड करून मोकळे होत, आणि साऱ्या नागपुरात भिंतींना तोटा नव्हता. बायांना लागते, हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? आईनं लग्नानंतरच्या बारा वर्षांत त्यांना असलं काही सांगितलं नव्हतं, आणि काकूचा तर प्रश्नच नव्हता. बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्याशी ती एक अक्षर बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती माझ्याशी बोले आणि मी बाबांशी. “सांग तुह्या बाबाले, भाजीत मीठ कमी असंल तर डबा तिकडं आहे.” बाबा दोन हातांवर बसलेले असायचे. काकू कामठीची, मागांच्या खटखटीत वाढलेली, त्यामुळे तिची कुजबूज चौकातल्या पानठेल्यापर्यंत जायची. तरी बाबा माझ्या तोंडून निरोप येईपर्यंत शांतपणे वाट बघत, आणि मग म्हणत, “सांग काकूले, मीठ बरोबर आहे.”

नागपूरला जायचं ठरलं की दोघी जावा आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करत. कडकडीत. असला उपास कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही, पण आमच्या आळीतल्या सगळ्या बाया तो पाळत. सकाळी अंधारातच स्टोव्ह भरभरू लागायचा, तिखट-मिठाच्या पुऱ्या तळल्याचा चर्र चर्र आवाज यायचा, डब्यात आलू-वांग्याची कोरडी भाजी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. एवढ्या तिखटावर पाणी न पिता दिवस काढायचा म्हणजे पाहा. निघताना आई फक्त चूळ भरायची. बाबा कौतुकानं शेजाऱ्यांना सांगायचे, “आमच्या घरच्या बायांले तहानच लागत नाही गा. दिवसभर चालवा.”

पण देह शेवटी देह आहे. म्हणून मी. पाच वर्षांची झाले तेव्हापासून ही नोकरी माझ्याकडे आली. आईनं दंडाला एक चिमटा काढला तर समजायचं, अजून दम आहे. दोन चिमटे म्हणजे आता. काकू चिमट्याऐवजी पायावर पाय द्यायची, आणि काकूचा पाय म्हणजे काही चाफ्याचं फूल नव्हे. मग मी जिथे असू तिथे, वाघासमोर म्हणा की बांगड्यांच्या दुकानात म्हणा, गळा काढायचा: “बाबा, मले लागली!” बाबा कपाळाला हात लावायचे. “पुन्हा? अवं, आत्ताच तर!” आणि आई माझा हात धरून म्हणायची, “लेकरू आहे, काय करता! चाल वं, नेते मी.” काकू सोबत म्हणून मागोमाग.

पुढचा प्रश्न, न्यायचं कुठे? एवढं मोठं शहर, पण त्यात बायांना बसायला जागा शोधणं म्हणजे महाराजबागेत मोकळा वाघ शोधणं. एका चौकात पाटी होती, ‘स्त्रियांसाठी’, वर अंबाडा घातलेल्या बाईचं सुरेख चित्र, आणि दाराला कुलूप. आम्ही दर वर्षी त्या चित्रातल्या बाईला भेटून यायचो. ती दर वर्षी थोडी फिकट व्हायची, कुलूप थोडं तांबडं. महाराजबागेत झुडपांमागे आई आणि काकू आळीपाळीनं शालीचा आडोसा धरायच्या आणि मी बाहेर पहारा द्यायची. इतवारीत काकूनं एक युक्ती काढली होती. ज्या दुकानदाराचं बिऱ्हाड दुकानाच्या माडीवर असेल तिथं शिरायचं, लुगड्यांचा ढीग उपसायला लावायचा, आणि तो घामाघूम झाला की मला पुढे ढकलायचं. “शेठजी, पोरीले लागली हो. वर नेऊ का?” विक्रीच्या आशेपायी शेठजी हो म्हणत. खाली आल्यावर काकूला एकही लुगडं पसंत पडत नसे.

(आजही मी परगावी गेले की देऊळ नंतर पाहते, हे आधी. माझी सून म्हणते, “आई, तुम्हाला कुठल्या स्टॅण्डवरचं कसं आहे ते इतकं पाठ कसं?” तिला काय सांगू, माझं शिक्षणच त्यात झालंय.)

इतकं करूनही दुपार झाली की आईचा धीर संपायचा. दिवसातून तीन-चारदा माझं नाव पुढे केल्यावर पाचव्यांदा तिलाच लाज वाटायची. मग ती कपाळ दाबून म्हणायची, “डोकं दुखून राहिलं. घरी जाऊ.” आणि बाबांची पेटी अर्धी रिकामी राहायची. आईनं नागपूर किती वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी फक्त दुपारपर्यंतचं. तेलंगखेडीचा तलाव तिनं आयुष्यात तोवर पाहिला नव्हता. त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. तिला वाटायचं ते किल्ल्याचं.

सीताबर्डीचा किल्ला स्टेशनच्या अगदी जवळ, टेकडीवर. आत लष्कर. वर्षातून मोजके दिवस, सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला, लोकांना वर सोडत. आमची पॅसेंजर नागपुरात शिरताना आई खिडकीशी सरकून बसायची आणि झाडांच्या वर ती भिंत दिसली की म्हणायची, “वर काय असंल वं?” नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा त्या गाडीनं आली तेव्हापासून हे चाललं होतं. तिनं कधी पाटल्या मागितल्या नाहीत, लुगडं मागितलं नाही. एवढंच म्हणायची, “एकदा वर जाऊन खाली पाहायचं आहे. जलमभर खालूनच वर पाहून राहिली मी.” बाबांनी हे फार मनावर घेतलं असावं. सहा वर्षं ते दर सव्वीस जानेवारीला, आणि पाऊस नसेल तर पंधरा ऑगस्टलाही, आम्हाला त्या रांगेत उभं करत आले. आणि सहा वर्षं आईचं डोकं फाटकापासून हाकेच्या अंतरावर दुखत आलं.

त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते आणि मी नोकरीचा राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. कारण मंदा. मंदा माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. तिचे वडील आमच्या गावच्या शाळेत मास्तर. आदल्या पंधरा ऑगस्टला तीही आईवडिलांबरोबर त्याच रांगेत होती आणि तिनं माझी घोषणा स्वतःच्या कानांनी ऐकली होती. दुसऱ्या दिवसापासून शाळेत माझं नाव ‘चालू नळ’ पडलं. मुली मला पाहून ‘सुर्र’ आवाज काढायच्या. मी देवावर हात ठेवून शपथ घेतली, मेले तरी पुन्हा ते वाक्य म्हणणार नाही. आईला हे सांगायला मात्र विसरले. की घाबरले, ते आता आठवत नाही.

सव्वीस जानेवारीची ती दुपार. हवेत गारठा, रांग टेकडीच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत. फाटकावर बंदूकधारी जवान, पन्नास-पन्नास माणसं मोजून आत सोडायचा. चार वाजता फाटक बंद. रांगेत पुढे बाबा, मग मी, आई, काकू. आमच्या मागे कन्हानचं एक कुटुंब, त्यातला माणूस मिशाळ आणि खेकसणारा. आणि त्याच्या मागे, माझं नशीब पाहा, दोन वेण्या घातलेली मंदा आणि तिचे आईवडील.

दोनच्या सुमाराला बाबांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ते रांगेतून गेले आणि दोन्ही हातांत वाफाळता चहा घेऊन आले. एक पेला माझ्या हाती, काकूला द्यायला. दुसरा त्यांनी स्वतः, सगळ्या लोकांसमोर, आईच्या हातात दिला. “थंडी आहे. घे,” म्हणाले आणि पटकन दुसरीकडे पाहू लागले. आईनं त्या पेल्याकडे असं पाहिलं की जणू पाटल्याच आणल्या. आता बारा वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यानं हातानं आणलेला चहा कोणती बाई नाही म्हणेल? तिनं तो घोटघोट करून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. काकूनं पदराआडून तो सोहळा पाहिला, स्वतःचा पेला रिकामा केला आणि माझ्या कानाशी म्हणाली, “झालं बाप्पा! मेलो आता आपण.”

अर्ध्या तासात पहिला चिमटा आला. मी दुर्लक्ष केलं. मग दोन चिमटे. मी किल्ल्यावरच्या झेंड्याकडे पाहू लागले. मग काकूचा पाय माझ्या पायावर पडला. मी देशभक्त चेहरा करून उभीच.

आई वाकली. “शके, म्हण नं वं.”

“नाही म्हणत.”

“काहून?”

“मागं मंदा आहे.”

“मंदाले काय करायचं आहे? म्हण पटकन.”

“ते सारे मले चालू नळ म्हणतात! तुले लागली तं तू म्हण.”

माझी ती पहिली बंडखोरी. आईनं फाटकाकडे पाहिलं. आमच्या पुढे तीनेकशे माणसं उरली असतील. मग तिनं काकूकडे पाहिलं. काकूनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते, ती बहुधा मारुतीचा धावा करत होती. आईचा हात सवयीनं कपाळाकडे गेला. मला माहीत होतं, आता डोकं दुखणार, आता आपण वळणार, आणि पुन्हा ऑगस्टची वाट पाहणार.

हात कपाळापर्यंत गेला आणि थांबला. आई एक पाऊल पुढे झाली, बाबांच्या शर्टाची बाही ओढली, आणि त्यांच्यासमोर करंगळी वर केली.

आई तिसरीपर्यंत शाळेत गेली होती. त्या शाळेत परवानगी मागायची रीत तेवढी तिच्या लक्षात राहिली असावी.

बाबांनी करंगळीकडे पाहिलं. “काय झालं बोटाले? काटा गेला काय?”

आईनं करंगळी आणखी उंच केली.

“अवं पण दिसून नाही राहिला काटा.”

“काटा नाही,” आई म्हणाली. “मले एकीले जायचं आहे.”

“कोणाले? शकूले?” बाबांनी कपाळाला हात लावला. “वाटलंच मले!”

“शकूले नाही. मले. इले पण.” काकूनं पदर हनुवटीपर्यंत ओढला. “सहा सालापासून आम्हालेच लागून राहिली. शकूले कधी लागलीच नाही.”

पेटी भरताना एखादं फळ बसत नसलं की बाबा सगळा थर पुन्हा काढायचे. आत्ताही ते मनातल्या मनात सहा वर्षांचे थर काढत होते. वाघ, अजब बंगला, शेठजीचं दुकान. अखेर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मंग दोन हिवाळे म्या इले तिळाचे लाडू काहून चारले? वैद्याले दाखवलं, काळे तीळ आणले...”

“लाडू चांगले होते बाबा,” मी म्हणाले.

“सांग तुह्या बाबाले,” काकू पदरातून कळवळून म्हणाली, “लाडवाचा हिशोब मंग करा म्हणा, आता आम्हाले जाऊ द्या!”

बाबांनी खिशातून परतीची रेल्वे तिकिटं काढून आईच्या हातात दिली. “टेशनावर जा. तिथं बायांची वेटिंग रूम आहे. मी जागा धरतो.” मग आम्ही निघणार तोच मागचा कन्हानवाला मिशाळ गुरगुरला. “ओ भाऊ! बाया कुठं चालल्या? परत आल्यावर मधात घुसू नाही देणार, सांगून ठेवतो!”

बाबांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ते म्हणणार, पोरीला बरं नाही. सवयीचं होतं ते. पण त्यांनी छाती पुढे काढली आणि फाटकावरच्या जवानालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “एकीले गेल्या! सकाळपासून उभ्या आहेत. तुमच्या घरी नाही लागत काय कोणाले?”

आणि मग त्या मिशाळ माणसाच्या पाठीमागून एक बारीक आवाज आला. “थांबा वं बाई. मी पण येते.” त्याची बायको. तिच्या मागोमाग तिची सासू, मिशाळाची आई. “मलेही ने वं सूनबाई, काहून आतापर्यंत बोलली नाही!” मिशाळाच्या मिशा अशा खाली आल्या की काय सांगू. रांगेतून आणखी एक बाई सुटली, मग तिघी, मग मंदाची आई. आणि शेवटी कोणीतरी माझी वेणी ओढली. दोन वेण्यांची मंदा होती, पायाला पाय घासत. “शकू, मले पण,” ती म्हणाली. मी फक्त ‘सुर्र’ म्हटलं. एवढा आनंद मला पुढे मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नाही.

अकरा जणींची ती पलटण स्टेशनकडे निघाली, पुढे काकू. सव्वीस जानेवारीची खरी कवायत त्या दिवशी नागपुरानं पाहिली: झपाझप, पण गुडघे जुळवून. बाबा दिसेनासे झाले तसा काकूनं पदर मागे फेकला आणि तिला कंठ फुटला. तिकीट तपासनिसाला म्हणाली, “सब हमारे साथ में हैं.” त्यानं अकरा चेहरे पाहिले आणि बाजूला झाला. वेटिंग रूमच्या दाराशी पांढऱ्या लुगड्यातली एक जाडजूड बाई स्टुलावर बसून स्वेटर विणत होती.

“कौन सी गाड़ी?” तिनं मान वर न करता विचारलं.

“जो पहले आएगी,” काकू म्हणाली.

“ये फर्स्ट क्लासवालों के लिए है.”

“बहनजी, इसमें भी क्लास होता है क्या?”

बाईच्या सुया थांबल्या. तिनं मान वर केली आणि दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होणाऱ्या अकरा जणी पाहिल्या. म्हातारीला पाहिलं. मग ती अशी हसायला लागली की तिच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत कपाटाखाली गेला. “जाओ, जाओ,” म्हणाली. “बूढ़ी अम्मा पहले. और हल्ला नहीं करना.”

हल्ला मात्र झाला. आतमध्ये पांढऱ्या फरश्या, भिंतीला माणूसभर आरसा, वेताच्या आरामखुर्च्या. आईचा नंबर आला, ती आत गेली, आणि थोड्या वेळानं आतून धरण फुटल्यासारखा आवाज आला. आई धावत बाहेर. चेहरा पांढराफटक. “साखळी ओढली फक्त वं! काही तुटलं वाटते माह्याच्यानं!” पांढऱ्या लुगड्यातल्या बाईला पुन्हा हसू आवरेना. तिनं आईला आरामखुर्चीत बसवलं, सुरईतलं पाणी दिलं. आईनं तो पेला प्यायला, मग दुसरा, मग तिसरा.

“जाऊबाई,” काकू दचकली, “आवरा! पुन्हा लागंल.”

“लागू दे,” आई म्हणाली. “आता जागा मालूम झाली.”

आम्ही परत आलो तेव्हा रांग बरीच पुढे सरकली होती आणि एक देखावा आमची वाट पाहत होता. बाबांनी अकरा बायांच्या अकरा जागा धरल्या होत्या. पिशवी, डबा, शाल, म्हातारीची काठी, मंदाच्या आईची छत्री, एकाला एक चिकटून, मध्ये बोट जाणार नाही अशा. रांग एक पाऊल सरली की बाबा आणि पाच-सहा नवरे वाकून ती वरात एक पाऊल पुढे सरकवत होते. मिशाळ तर आता बाबांचा उजवा हात झाला होता. “ओ, मधात नोको घुसू!” तो कोणा भलत्याच माणसावर खेकसत होता. “आमच्या बाया एकीले गेल्या!”

बाबा त्या दिवसापासून बिघडले, असं आमचे नातेवाईक म्हणत. नंतरच्या प्रत्येक प्रवासात, प्रत्येक लग्नात, एकदा तर कोणाच्या दिवसकार्यातही, ते उभे राहून विचारायचे, “कोणाले जायचं आहे काय? लाजू नका.” लोक पाहुण्यांना चहा विचारतात तसं. काकूलाही तेव्हापासून निरोप्या लागला नाही. ज्या भासऱ्यासमोर असली गोष्ट बोलून झाली, त्याच्यासमोर आता मिठाचं काय लपवायचं, असं तिचं म्हणणं. घरात दोघांची अशी वादावादी सुरू झाली की माझे काका दिल्लीहून आल्यावर दोन दिवस नुसते ऐकत बसले.

तर आम्ही आत गेलो. शेवटच्या पन्नासांत. मागं फाटक बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. चढ बराच होता. आई पदर खोचून माझ्यापुढे चढत होती. वर तोफा होत्या, गोऱ्यांच्या कबरी होत्या, झेंडा फडफडत होता. मंदा तोफेवर हात ठेवायला धावली आणि मीही. बाबांनी सगळ्यांना माहिती द्यायला सुरुवात केली होती. आईनं मात्र तोफांकडे ढुंकून पाहिलं नाही. ती सरळ कडेच्या भिंतीशी गेली आणि दोन्ही हात दगडावर ठेवून उभी राहिली.

खाली सारं नागपूर पसरलं होतं. मिलची धुराडी, कौलांचे समुद्र, तलावाचं पाणी चांदीच्या ताटासारखं, आणि रूळ, आमच्या गावाकडे निघालेले. बाबा तिच्याजवळ गेले. “ते पाह्य, ते तिकडं जे दिसून राहिलं नं, ते...”

“थांबा,” आई म्हणाली. “मले पाहू द्या.”

बाबा थांबले. मग एक पाऊल मागे सरून तेही गुपचूप पाहू लागले. वारा गार होता. एका टोकाला कोणीतरी शिटी वाजवली आणि लोक उताराला लागले. एक पोरसवदा जवान आमच्याकडे आला. “माताजी, टाइम हो गया. नीचे चलिए.”

आईनं मान वळवली नाही. “भैया,” ती आपल्या काटोलच्या हिंदीत म्हणाली, “छे साल से चढ़ून राहिली मैं. आज कहाँ पोहोची. जरा देखने तो दो.”

जवानानं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग उताराकडे. भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गर्दी अडवायला बांधलेली एक लांबलचक दोरी होती. तो तिकडे गेला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि ती सोडून गुंडाळायला लागला. फार सावकाश गुंडाळली त्यानं ती दोरी.